आनंदाच्या रविवारचं गाणं

बोरधरी तांडा, ता. आर्णी
मंगळवार, २ डिसेंबर २०२५

चि. अंजू,

प्रभू येशूची स्तुती असो. आम्ही इकडे सगळे बरे आहोत, तूही तिकडे ठणठणीत असावीस. जबलपूरची थंडी आपल्याकडच्यापेक्षा जास्त बोचते म्हणतात. ऑक्टोबरात तू घाईनं आलीस आणि तशीच घाईनं परत गेलीस, तेव्हा तुझा स्वेटर खाटेवरच राहिला होता. आमच्या यांनी, तुझ्या रूपसिंगकाकांनी, तो आर्णीहून पार्सल केला आहे. मिळाला की दोन ओळी टाक.

तुमच्या कॉन्व्हेंटात नव्या मुलींना फोन महिन्यातून एकदाच, आणि त्या दिवशी नेमकी तांड्यात रेंज नसते. म्हणून पत्रच बरं. घरी आपण आपली बंजाऱ्यांची गोरबोली बोलतो, पण समोर कागद आला की माझ्या हाताला शाळेतली मराठीच येते. अंगणवाडीचे अहवाल लिहून लिहून लागलेली सवय आहे, हसू नकोस. तुझी आई आज वेचणीला गेली आहे, म्हणून तिचा मजकूर यात नाही. पुढच्या वेळी तिला जवळ बसवून, ती सांगेल तसं लिहीन, नेहमीसारखं.

कापूस यंदा बरा फुटला. तुमच्या वावरातली पहिली वेचणी झाली. तुझ्या वडिलांचा खोकला कमी आहे. मी रोज संध्याकाळी एक चक्कर तुमच्याकडे टाकते. शंकरसिंगभाऊ अंगणात बसलेले असतात, तुझी आई चुलीपाशी. जेवण-खाण होतं. बाकी, त्यांच्या रजतला जाऊन आता दोन महिने होत आले, तेव्हा घर जसं असायचं तसं आहे. तुला वेगळं काय सांगू?

परवाच्या रविवारी आगमनकाळ सुरू झाला. काकांनी कडुलिंबाच्या डहाळ्यांचं कडं बांधलं, त्यात चार मेणबत्त्या उभ्या केल्या. तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. गुलाबी मेणबत्ती आर्णीत कुठल्याच दुकानात मिळेना, शेवटी फादर बिजू यवतमाळहून घेऊन आले. पहिली मेणबत्ती लावायला अंगणवाडीतल्या एका चिमुकलीला बोलावलं, तर तिनं ती लावली आणि सगळ्यांसमोर फू करून विझवली! वाढदिवसाला विझवतात ना, म्हणून. फादर खो खो हसले. पुन्हा लावली.

गाणी या वेळी शांत घेतली आहेत. फादर म्हणाले, हा वाट पाहण्याचा काळ, नगारा-ढोलकी नाताळला वाजवू. त्यामुळे चारही रविवार नुसती पेटी. मंडळींनाही पटलं. तू विचारशील म्हणून आधीच लिहिते, रजतनं बसवलेलं गाणं तिसऱ्या रविवारी घेणार होतो, ते यंदा घेत नाही. फादरांचंच म्हणणं पडलं की पुढच्या वर्षी बघू.

तुझा अभ्यास कसा चालला आहे? तिकडच्या सिस्टरांना तुझा आवाज आवडला असेल. कुणी गायला सांगितलं तर मान खाली घालून उभी राहू नकोस, आईवर गेलीस त्यात. तिलाही पहिल्यांदा चर्चमध्ये उभं करायला मला किती मिनतवाऱ्या कराव्या लागल्या होत्या.

दिवे लागायची वेळ झाली. थांबते.

तुझी,
ममतामावशी


बोरधरी तांडा
१६ डिसेंबर २०२५

चि. अंजू,

स्तुती असो. स्वेटर मिळाल्याचं तुझं कार्ड आलं. बरं वाटलं.

परवा तिसरा रविवार झाला, आनंदाचा रविवार. फादर गुलाबी झगा घालून वेदीवर आले, तेव्हा पोरांमध्ये खसखस पिकली. गुलाबी मेणबत्ती लावली. यंदा गर्दी होती, महागावकडची दोन कुटुंबंही आली होती. गाणी ठीक झाली.

तुझी आई आली होती. राणी रंगाची साडी नेसून आली होती. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदाच पुढे, गाणाऱ्यांत येऊन उभी राहिली. चांगली दिसत होती.

तिचा निरोप: "मी बरी आहे, काळजी करू नको, मन लावून अभ्यास कर, प्रार्थना करत जा."

आज घाईत आहे. अंगणवाडीत वजनं घ्यायची आहेत. पुढे सविस्तर लिहीन.

तुझी,
ममतामावशी


बोरधरी तांडा
रविवार, २८ डिसेंबर २०२५

प्रिय अंजू,

तुझं पत्र काल मिळालं. उभ्यानंच वाचलं आणि मग ओट्यावर बसून पुन्हा वाचलं. तू लिहिलंस, "मावशी, तू पाठवलेला निरोप आईचा नाही. आई मला काळजी करू नको असं कधीच म्हणत नाही. ती म्हणते, तुझी काळजी लागून राहिली. खरं काय ते सांग."

तुझं बरोबर आहे. तो निरोप मी बनवला. त्या दिवशी तुझी आई माझ्याशी बोलत नव्हती. तिला विचारायची माझी छाती झाली नाही, आणि तिचा शब्द नसलेलं पत्र पाठवलं तर तुला शंका येईल, म्हणून मीच चार ओळी जोडल्या. बारा वर्षं तिची पत्रं लिहितेय मी, आधी तुझ्या बोर्डिंगला, आता जबलपूरला. वाटलं, ती काय म्हणेल ते मला ठाऊक आहे.

आता सगळं पहिल्यापासून सांगते. मध्ये मध्ये माझी बाजू घ्यावीशी वाटेल. तशी घेतली तर ओळखून घे.

नोव्हेंबर संपत आला तेव्हा आमच्या ओसरीवर गाणी ठरवायला बसलो होतो. फादर बिजू, काका, मी आणि पेटीवाले गुरुजी. शेवंती, तुझी आई, तेव्हा वावरात होती. मी म्हटलं, "फादर, यंदा शांत गाणी घेऊ. तसाही हा काळ गंभीरच असतो." तर ते त्यांच्या त्या मोजून-मापून मराठीत म्हणाले, "ममताबाई, आगमनकाळ म्हणजे उपासकाळ नाही. घरी पाहुणा येणार आहे, आणि आपण दारात उभे आहोत. गौरवगीत तेवढं नाताळसाठी राखून ठेवायचं. बाकी आनंद कशाला लपवायचा? तिसऱ्या रविवारी तर मुळीच नाही. नगारा वाजू द्या, फक्त गाण्याच्या वर जाऊ नका."

हे फादरांचे शब्द. मी तुला उलटं लिहिलं होतं.

काका लगेच म्हणाले, "मग रजतचंच गाणं घेऊ. नगारा मी वाजवतो. शेवंतीवहिनीले सांगू."

मी म्हटलं, नाही.

तुला ते गाणं पूर्ण माहीत नाही, तू तेव्हा इथं नव्हतीस. गेल्या वर्षी आगमनकाळ संपता संपता रजत फादरांकडे गेला होता. म्हणाला, होळीच्या लेंगीची चाल घेऊन आपण एक गाणं बसवलं तर चालंल का? फादरांनी ऐकलं आणि म्हणाले, पुढच्या वर्षी, आनंदाच्या रविवारी. त्यावर वर्षभर तो घासत बसला. आर्णीच्या मोबाइलच्या दुकानातून आला की गाडी लावायची, तोंड धुवायचं आणि आमच्या ओसरीवर नगारा घेऊन बसायचं. तुझ्या आईला पुढे बसवायचं. गाण्याचं धृपद एवढंच होतं, "येऊन राह्यला, येऊन राह्यला, वाटेत हाय तो."

तुझ्या आईचा आवाज कसा आहे, तुला माहीत आहे. चारही तांड्यांत लग्न असलं की नवरीचा ढावलो म्हणायला तिलाच नेतात. तिनं सूर लावला की अख्खा मांडव रडतो. हे गाणंही ती तसंच उचलायची, शेवटाला आवाज खाली, भिजलेला. रजत थाप थांबवून आईला म्हणायचा, "याडी, हासून म्हण ना. पोरगी नांदायला नाही चालली, पाहुणा येऊन राह्यला." ती म्हणायची, "हासून गाता येतं का रे कोणाले?" तो स्वतः गाऊन दाखवायचा, सगळे दात दाखवत. आम्ही लोटपोट व्हायचो. ऑगस्टपर्यंत तिला ते जमायला लागलं होतं. खरंच सांगते अंजू, पन्नाशीला आलेली ती बाई ते गाणं म्हणताना सोळा वर्षांची दिसायची. आम्ही दोघी एकाच तांड्यातून इथं नवऱ्या होऊन आलो, तेव्हा ती जशी होती, तशी.

आणि मग दसऱ्यानंतर तो दुकानातून येताना हायवेवर ट्रकनं त्याला उडवलं. घराच्या वाटेवरच.

आता तू सांग, "वाटेत हाय तो" हे मी त्याच्या आईच्या तोंडी कसं घालणार होते? सगळ्या लोकांसमोर? माझ्या डोळ्यांपुढे सारखं तेच यायचं की ती पहिल्या ओळीलाच कोसळेल, आणि तिला सावरायला आम्ही कुणी पुरणार नाही. मी फादरांना एवढंच म्हटलं, "शेवंती तयार नाही." ते म्हणाले, "तिच्याशी बोललात?" मी म्हटलं, "हो."

बोलले नव्हते.

एवढंच असतं तर मी स्वतःला समजावलं असतं. पण आणखी एक आहे. मलाच ते ऐकायचं नव्हतं. त्या पोराला मी अंगणवाडीत पाटीवर बोट धरून शिकवलं. संध्याकाळी गाडीचा आवाज आला की मी चहा टाकायची. ऑक्टोबरपासून तो नगारा मी गोधडीखाली झाकून ठेवला आहे, काकांनाही हात लावू देत नाही. तुझ्या आईच्या नावावर मी माझंही दुखणं झाकलं.

मंडळींना सांगितलं, फादरांची इच्छा आहे, या वर्षी शांत. तुलाही तेच लिहिलं. फादरांना सांगितलं, शेवंतीची इच्छा आहे. आणि शेवंतीला कुणी काहीच सांगितलं नाही, कारण तिच्यासमोर तो विषय काढायचा नाही असं मीच सगळ्यांना बजावलं होतं.

मग आनंदाचा रविवार आला.

ती राणी रंगाची साडी नेसून आली, हे मी लिहिलं होतं. बाया तिच्याकडे बघत राहिल्या, हे लिहिलं नव्हतं. जेमतेम दोन महिने झाले तोवर ही अशी नटून आली, असं एक-दोघींच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. ती कुणाकडे न बघता सरळ पुढे आली, माझ्या शेजारी उभी राहिली. डोक्याला तेल लावून, वेणी घालून. मला वाटलं, बरं वाटतंय तिला. मी तिचा हात दाबला. तिनंही माझा दाबला.

प्रवेशगीत झालं. वाचनं झाली. अर्पणाची वेळ आली, गुरुजींनी पेटीवर सूर धरला. तो दुसऱ्याच गाण्याचा होता. मी तिच्याकडे पाहिलं. ती मागे वळून काकांना शोधत होती. काका गाणाऱ्यांत नव्हतेच, ते पुरुषांमध्ये हात बांधून बसले होते. आम्ही गायला लागलो. ती ओठ मिटून उभी राहिली, मिस्सा संपेपर्यंत.

बाहेर चहा चालला होता. ती काकांपाशी गेली. "रूपसिंगभाऊ, नगारा कुठं हाय?"

काका माझ्याकडे पाहू लागले. "ममतानं नाही म्हटलं वहिनी. तुम्हाले जमणार नाही म्हणे."

ती माझ्याकडे आली. तिच्या हातात चहाचा कप तसाच होता.

"तू मले इचारलं काहून नाही?"

मी म्हटलं, "तुले तरास होईन म्हणून."

"मले तरास व्हायचाच होता, ममता." ती हळूच बोलत होती, पण सगळे गप्प झाले होते, त्यामुळे सगळ्यांना ऐकू जात होतं. "पंधरा दिवस झाले, वेचणीत मी तेच म्हणून राह्यली. रडून-रडून म्हटलं, मंग हासून म्हणता यायला लागलं. त्यानं शिकवलं तसं. मले वाटलं तुमी सगळे माझी वाट पाहून राह्यले असान."

मी काहीतरी म्हटलं. काय ते आठवत नाही.

ती म्हणाली, "दोन महिने झाले. मी नळावर गेली का बाया हासणं बंद करतात. माझ्या घरापाशी आले का लोकं गाडीचा आवाज कमी करतात. लेकरायले दटावतात. वाटलं, देवाच्या घरी तरी एक दिवस कल्ला होईन. त्याच्या गाण्याचा होईन. तुमी तेही झाकून टाकलं. मेल्याचं घर फक्त माझं होतं, तुमी चर्चलेही तसंच करून टाकलं."

फादर बाजूलाच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. ते बघणं मला रागापेक्षा जड गेलं. "तुम्ही हो म्हणाला होतात," एवढंच ते म्हणाले.

दोन दिवसांनी मी तुला "गाणी ठीक झाली" असं लिहिलं.

चौथ्या रविवारी ती आली नाही. सोमवारी मी अंगणवाडी लवकर सोडून तुमच्या वावरात गेले. ती कमरेला ओटी बांधून वेचत होती. मीही तिच्या शेजारच्या तासाला, कापसाच्या ओळीला, लागले. तासाच्या टोकापर्यंत आम्ही वेचत गेलो. शेवटी मी म्हटलं, "शेवंती, नाताळला घेऊ ना ते गाणं. नगारा काढते. फादर हो म्हणतीन. अख्खा तांडा येतो त्या दिवशी, अजून चांगलं होईन."

ती थांबली. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

"नाताळचं नाही ते गाणं," ती म्हणाली. "नाताळले तर येऊनच जातो देव. आल्यावर 'येऊन राह्यला' कायले म्हणायचं? ते याच्या आधीचं हाय. वाटेत असतानाचं." आणि थोड्या वेळानं, बोंड सोलता सोलता म्हणाली, "त्या गाण्यात तो अजून वाटेत होता, ममता. एवढंच पाह्यजे होतं मले. एक डाव."

मी ज्या ओळीला भ्यायले होते, तिच्यासाठीच ती आली होती. हे मला तिथं तासात उभं राहून कळलं. घरी येईस्तोवर मी रडत होते, आणि कुणी विचारलं तर डोळ्यांत कचरा गेला म्हणून सांगत होते. पुन्हा खोटंच.

नाताळच्या सकाळी ती तुझ्या वडिलांबरोबर आली. मागे, दाराजवळ बसली. त्या दिवशी नगारा वाजला. मीच बाहेर काढला, काकांनी वाजवला, नाताळची गाणी झाली, पोरं नाचली. तिनं प्रसाद घेतला, लोकांना हात जोडले, साऱ्यांना "नाताळच्या शुभेच्छा" म्हटलं, मलाही. मला जसं कलेक्टर ऑफिसातून आलेल्या बाईशी बोलतात तसं म्हटलं. गायली नाही. पोरांनी पुढे ओढलं तर हसून नको म्हणाली.

आणि आता जे तुला सांगायचं मी एवढी पानं टाळत आले, ते लिहिते. तुझी आई इथं नाही.

परवा शुक्रवारी ती महागावला गेली, तुझ्या लखीराममामांकडे. मामा स्वतः न्यायला आले होते. तुझे वडील "जाऊ दे, मन रमंल" म्हणाले आणि गुरांना पाणी पाजायला निघून गेले. मी बातमी ऐकून फाट्यावर धावत गेले. एसटी यायची होती. ती पिशवीवर बसली होती.

मी म्हटलं, "थांब ना शेवंती. मी सगळ्यायसमोर माफी मागते. चर्चमधी उभी राहून मागते."

"माफीचं काय करू मी?" ती म्हणाली. "तू वाईट केलं असतं तर भांडली असती मी तुझ्याशी. तुले वाईट करताच येत नाही. म्हणून धड रागावताही येत नाही मले."

"मंग काहून जाऊन राह्यली?"

"लखीरामच्या घरी लहान लेकरं हायेत. दिवसभर कल्ला करतात, एकमेकायले मारतात, रडतात. त्यायले कोणी गप्प बसवत नाही. मले तेवढंच पाह्यजे."

"वापस कधी येशीन?"

तिनं चपला पायात सरकवल्या. एसटी दिसली तेव्हा उठली. मामांनी पिशवी उचलली. पायरीवर चढून ती वळली आणि म्हणाली, "अंजूले तूच लिहितं. खरं लिहिजो."

बस. त्यानंतर दोन दिवस मी लिहिलं नाही. तुझं पत्र आलं नसतं तर कदाचित आजही लिहिलं नसतं. मनाशी म्हणत होते, पोरगी एवढ्या लांब आहे, नुकती तिथं रुळते आहे, हे कळलं तर सगळं टाकून उठून येईल. तुझ्या आईनंच तुला काही कळवू नको म्हणून सांगितलं, असं मी या पत्रात लिहिणार होते. मघाशी ती ओळ लिहिलीसुद्धा, आणि मग तो कागद फाडला. तिनं तसं काही सांगितलं नव्हतं. तेही मीच ठरवलं होतं, तुझ्यासाठी. तिला काय झेपेल ते मी ठरवलं, तुला काय झेपेल ते मी ठरवलं. तुम्ही दोघींनी मला कधी तसं करायला सांगितलं नव्हतं.

आज पवित्र कुटुंबाचा सण होता. शंकरसिंगभाऊ एकटेच आले. काकांजवळ बसले. मिस्सा झाल्यावर मी जेवायला बोलावलं तर आले, दोन भाकरी खाल्ल्या, डाळ पुन्हा मागून घेतली. तुझ्या आईचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. जाताना म्हणाले, "पोरीले कळवलं का?" मी म्हटलं, "आज कळवते." ते म्हणाले, "बरं."

फादरांकडे मी काल गेले होते. कबुली दिली. त्यांनी क्षमा दिली, ती त्यांची देण्याची गोष्ट होती. मी विचारलं, पुढच्या आगमनकाळात गाणी दुसऱ्या कुणी निवडली तर? ते म्हणाले, "तुम्हीच निवडा. पण घरोघरी जाऊन निवडा." मी हो म्हटलं. या वेळचं माझं हो त्यांनी कितपत धरलं, कुणास ठाऊक. पुढच्या वर्षी शेवंती इथं असेल का, असली तर तिच्या गळ्यात ते गाणं उरलं असेल का, हे मला माहीत नाही. मामांकडच्या पोरांच्या गोंगाटात ती कदाचित ते म्हणतही असेल. तिथं मी नाही, म्हणून कदाचित जास्तच मोकळेपणानं.

तुला ये म्हणत नाही. येऊ नको असंही म्हणत नाही. तुझ्या मोठ्या सिस्टरांना विचार, स्वतःला विचार, आणि आईलाही विचार. तिला लिहायचं असेल तर लखीराममामांच्या पत्त्यावर टाक. मामांची सून बारावी शिकलेली आहे, वाचून दाखवील, आणि आई सांगेल ते उतरवून घेईल. तुझी पत्रं आता माझ्यामार्फत नकोत. हे मी रुसून लिहीत नाही. तिच्या तोंडचं तुझ्यापर्यंत जसंच्या तसं पोचावं, एवढंच.

मला लिहावंसं वाटलं तर लिही. नाही वाटलं तर मी वाट बघेन.

तुझ्या आईला न विचारता तिच्या नावानं बोललेली,
ममता